शेवटी तीन संधी, पण आधी तीन पायऱ्या?

बेंगळुरूच्या मल्लेश्वरममध्ये सहाव्या क्रॉसवर कर्नाटकच्या शालेय परीक्षा मंडळाचं कार्यालय आहे. राज्याची दहावी, म्हणजे तिथली एसएसएलसी, इथूनच चालते. 2024 मध्ये परीक्षा केंद्रांवर कॅमेरे बसले, वर्गांवर दुरून नजर ठेवली गेली आणि आदल्या वर्षी 83.89 टक्के असलेला निकाल 73.40 टक्क्यांवर घसरला. तोही सवलतीच्या गुणांची मर्यादा 10 टक्क्यांवरून 20 टक्के केल्यावर. सव्वादोन लाखांहून अधिक मुलं त्या पहिल्या परीक्षेत मागे राहिली.

त्याच वर्षी मंडळाने एका वर्षात तीन परीक्षा सुरू केल्या. पहिलीत जमलं नाही तर दुसरी, नाही तर तिसरी, आणि सर्वांत चांगले गुण ग्राह्य. मुलाचं वर्ष वाया जात नाही, हे चांगलंच झालं. पण दहावीत अचानक कुणी मागे पडत नाही. देशभरच्या ग्रामीण मुलांची पाहणी करणाऱ्या ‘असर’च्या 2024 च्या अहवालानुसार सरकारी शाळांतल्या तिसरीच्या फक्त 23.4 टक्के मुलांना दुसरीचा उतारा वाचता येत होता. दहावीच्या निकालाची बातमी तिसरीतच तयार होते. शेवटी तीन संधी देणाऱ्या व्यवस्थेने सुरुवातीला काय द्यावं, याचं एक उत्तर जगभरच्या शाळांनी शोधलं आहे: मदतीच्या तीन पायऱ्या.

ही कल्पना आली सार्वजनिक आरोग्यातून. तिथे आधी सगळ्यांसाठी प्रतिबंध असतो, मग ज्यांना धोका आहे त्यांच्यावर लक्ष आणि शेवटी आजारी माणसावर उपचार. शाळेतही तसंच. पहिली पायरी म्हणजे सगळ्या वर्गाला नीट शिकवणं. ते नीट असेल तर साधारण 80 टक्के मुलं त्यावरच पुढे जातात, असं हे प्रारूप मांडणारे धरून चालतात. दुसऱ्या पायरीवर वर्गातल्या पंधराएक टक्के मुलांसाठी छोट्या गटात, ठरावीक आठवडे, नेमक्या कौशल्यावर जादा तास घ्यायचे. तिसरी पायरी जेमतेम पाच टक्क्यांसाठी: एकेका मुलाची स्वतंत्र तपासणी आणि स्वतंत्र आराखडा. वर्गातली निम्मी मुलं दुसऱ्या पायरीवर पोचली, तर जादा तास वाढवून उपयोग नाही. दोष पहिल्या पायरीत आहे, हे शाळेने ओळखायचं.

अमेरिकेत 2004 च्या कायद्याने या पद्धतीला वाट करून दिली. त्याआधी मुलाची बुद्धी आणि त्याचं वाचन यांत मोठी तफावत दिसेपर्यंत शाळा थांबत असे. मूल पुरेसं नापास झालं की मदत सुरू व्हायची. नव्या पद्धतीत उलट चालतं. मदत आधी द्यायची, दर आठवड्या-पंधरवड्याला छोटी मोजणी करायची आणि मूल कसा प्रतिसाद देतं त्यावर पुढचं ठरवायचं. सावरलं तर खाली आणायचं, नाही तर वर न्यायचं. ही मोजणी नसेल तर पायऱ्या फक्त कागदावर राहतात.

कर्नाटकात यातले तुकडे फार पूर्वीपासून आहेत. म्हैसूर जिल्ह्यातल्या एच. डी. कोटे तालुक्यात 1995 मध्ये ऋषी व्हॅली शाळेच्या धर्तीवर ‘नली-कली’ सुरू झालं आणि 2009-10 पासून राज्यभरच्या कन्नड माध्यमाच्या सरकारी शाळांत गेलं. पहिली ते तिसरीची मुलं एका वर्गात बसतात आणि प्रत्येक मूल शिक्षणाच्या शिडीवर आपल्या गतीने चढतं. मुलं पाच ‘तट्ट्यां’मध्ये, म्हणजे गटांमध्ये विभागलेली असतात: शिक्षकाची पूर्ण मदत, शिक्षकाची थोडी मदत, सोबत्यांची मदत, सोबत्यांची थोडी मदत आणि शेवटी स्वतःचं स्वतः. कुठलंच मूल एका तट्ट्यात अडकून पडत नाही, काम बदललं की गटही बदलतो. मदत कमी-जास्त करण्याचं इतकं साधं तंत्र आपल्याच देशात, साध्या शाळांत उभं राहिलं. अडचण एवढीच, की ही शिडी तिसरीला संपते. चौथीत सगळ्यांच्या हाती एकच पाठ्यपुस्तक येतं.

दुसऱ्या पायरीचा सर्वांत भक्कम पुरावा मुंबईतून आला. ‘प्रथम’ या संस्थेने महापालिकेच्या शाळांत ‘बालसखी’ नेमल्या. त्या म्हणजे वस्तीतल्याच शिकलेल्या तरुणी. तिसरी-चौथीतल्या मागे पडलेल्या पंधरा-वीस मुलांना त्या शाळेच्या वेळातच रोज दोन तास वेगळं घेऊन बसायच्या. अभिजित बॅनर्जी, एस्थर डुफ्लो आणि सहकाऱ्यांनी मुंबई आणि वडोदऱ्यात याचा अभ्यास केला. तो 2007 मध्ये प्रसिद्ध झाला. मुलांचे गुण वाढले आणि सर्वाधिक फायदा बालसखीकडे गेलेल्या मुलांना झाला. पुढे हीच रीत इयत्तेऐवजी पातळीप्रमाणे गट करून शिकवण्याच्या रूपात देशभर गेली. ‘ओदु कर्नाटक’ या उपक्रमात चौथी-पाचवीच्या मुलांचे अक्षर, शब्द, परिच्छेद, गोष्ट असे गट पडले. महाराष्ट्रातही जून 2015 च्या ‘प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र’नंतर पायाभूत चाचण्या आल्या. पण अनेक ठिकाणी चाचणीचा हेतू मुलाला मदत मिळणं हा न राहता शाळेवर ‘100 टक्के प्रगत’ असा फलक लागणं हा झाला. मोजणी मुलासाठी करायची की वरच्या साहेबासाठी, यावर ही पायरी टिकते किंवा ढासळते.

तिसरी पायरी बेंगळुरूच्याच निमहान्स या मानसिक आरोग्याच्या राष्ट्रीय संस्थेशी जोडलेली आहे. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्याने विशिष्ट अध्ययन अक्षमता, म्हणजे डिस्लेक्सियासारख्या अडचणी, पहिल्यांदा दिव्यांगत्वाच्या यादीत आणल्या. 2018 च्या मार्गदर्शक सूचनांत ठरलं, की शाळेने तिसरीत किंवा आठव्या वर्षी प्राथमिक चाळणी लावायची, मग निमहान्सने तयार केलेल्या चाचण्यांनी निदान व्हायचं. प्रमाणपत्र मिळालं की परीक्षेत जादा वेळ, लेखनिक अशा सवलती मिळतात. महाराष्ट्राने अशा सवलती 1990 च्या दशकातच देऊ केल्या होत्या. मात्र प्रत्यक्षात पालक तपासणीला धावतात ते नववी-दहावीत, सवलतीसाठी. आठव्या वर्षी ओळखलेल्या मुलाला वाचायला शिकवता येतं. पंधराव्या वर्षी त्याच्या हाती बहुतेक वेळा फक्त लेखनिक उरतो.

वागणुकीची गोष्टही अशीच आहे. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम 17 ने मारहाण आणि मानसिक छळ दोन्हींना बंदी घातली. छडी गेली, पण तिच्या जागी काय आणायचं ते फार थोड्या शाळांनी ठरवलं. पायऱ्यांच्या पद्धतीत आधी शाळेचे चार-पाच नियम गणितासारखेच शिकवले जातात: रांगेत कसं उभं राहायचं, भांडण झालं तर कुणाला सांगायचं. तरीही जे मूल बिथरतं त्याला एक ठरावीक मोठं माणूस सकाळी भेटतं, दिवसाचं एक ध्येय ठरवतं आणि सुटताना कार्डावर आढावा घेतं. त्यानेही भागलं नाही तर वागण्याआधी काय घडतं आणि नंतर मुलाला काय मिळतं याची नोंद ठेवतात. उतारा वाचायची पाळी आली की दंगा आणि दंगा झाला की वर्गाबाहेर, अशी नोंद निघाली तर ते मूल द्वाड नाही, त्याला वाचता येत नाही. म्हणून अभ्यास आणि वागणूक यांच्या वह्या वेगळ्या ठेवून चालत नाही.

मल्लेश्वरममधल्या मराठी घरांसाठी यात आणखी एक मुद्दा आहे. पुण्याहून, सोलापूरहून बदलीने आलेलं मूल घरी मराठी, शाळेत इंग्रजी आणि 2015 च्या कायद्याने सक्तीचं झालेलं कन्नड अशा तीन भाषांत एकदम सापडतं. वर्षभर त्याचं कन्नड कच्चं राहिलं तर ती अक्षमता नव्हे, अपुरी ओळख आहे. अशा मुलाला तपासणीच्या रांगेत ढकलण्याआधी दुसऱ्या पायरीवरचे काही आठवडे मिळायला हवेत. आणि तेच मूल मराठीतही अक्षरं उलटसुलट करत असेल, तर ‘भाषा नवी आहे’ म्हणत दोन वर्षं थांबणंही चूक.

तुकडे आहेत, जोड नाही, हे या साऱ्याचं सार आहे. नली-कलीचा शिक्षक, जादा तास घेणारी स्वयंसेविका आणि निमहान्सचे तज्ज्ञ यांच्यात मुलाची एकच नोंदवही फिरत नाही. शिक्षण हक्क कायद्याचं कलम 24 मात्र स्पष्ट आहे: प्रत्येक मुलाची शिकण्याची क्षमता पाहून त्याला लागेल ते जादा शिकवणं हे शिक्षकाचं कर्तव्य आहे. ही कुणाची मेहरबानी नव्हे.

तेव्हा पुढच्या पालकसभेत गुणपत्रिकेवर सही करण्याआधी शाळेला तीन प्रश्न विचारा. माझं मूल नेमकं कुठल्या कौशल्यात अडलं आहे? त्यासाठी कोण, किती आठवडे, आठवड्यातून किती वेळा मदत करणार? आणि फरक पडला की नाही हे कधी, कशावरून ठरवणार? तिन्हींची उत्तरं तारखेसह मिळाली तर शाळा बदलण्याची गरज नाही. ‘घरी अभ्यास घ्या’ एवढंच उत्तर आलं, तर प्रश्न लेखी द्या आणि पोच घ्या.