शिलाई मशीनचा अडकलेला स्क्रू : जोर नको, जुगत हवी

ईदचे शिवण अंगावर आलेले असावे आणि मशीनची प्लेट काढताना स्क्रूची खाच उडावी, हा प्रकार कारागीर बंधूंना नवा नाही. झरीहून मशीन उचलून परभणीला न्यायचे म्हटले की दिवसाची रोजी बुडते. स्क्रू गंजाने अडकतो. पण त्याची खाच बिघडते ती बहुधा चुकीच्या पेचकसामुळे.

पेचकसाचे टोक खाचेच्या लांबीइतके रुंद आणि खाचेत घट्ट बसणारे हवे. टोक गोल झाले असेल तर कानसीने सपाट करावे. नंतर पुढील क्रमाने जावे.

१) स्क्रूभोवतीचा मळ सुईने काढून मशीनच्या तेलाचे दोन-तीन थेंब सोडावेत व रात्रभर ठेवावे.

२) पेचकस सरळ उभा धरून त्याच्या मुठीवर हातोडीचे हलके ठोके द्यावेत. त्याने गंज फुटतो. आधी किंचित आवळावे, मग डावीकडे फिरवावे. फिरवण्यापेक्षा दाब जास्त असावा.

३) तरीही न सुटल्यास तेल पुसून तापलेला सोल्डरिंग आयर्न अर्धा मिनिट स्क्रूच्या डोक्यावर टेकवावा. थंड झाल्यावर पुन्हा तेल द्यावे. जवळ प्लास्टिक असेल किंवा रॉकेल लावले असेल तर हा उपाय करू नये.

४) प्लस खाच थोडी झिजली असेल तर पेचकस व खाच यांमध्ये रबर बँडचा तुकडा ठेवून पाहावे.

५) सुई किंवा फूट आवळण्याच्या स्क्रूचे डोके वर असते. त्यावर हॅकसॉ ब्लेडने नवी खाच पाडता येते. प्लेटचा स्क्रू मात्र आत बसलेला असतो. तेथे ब्लेड चालवल्यास प्लेटवर ओरखडा उठतो व पुढे कपड्याचे धागे ओढले जातात. अशा वेळी जाणत्या मेकॅनिककडून ड्रिलने फक्त डोके उडवून घ्यावे. प्लेट निघाल्यावर उरलेला खुंट पकडीने सुटू शकतो.

नवा स्क्रू घेताना जुना नमुना सोबत न्यावा. शिलाई मशीनच्या अनेक स्क्रूंना इंचाला ४० आटे असतात. मिलिमीटरच्या मापाचा साधा स्क्रू त्यात जबरीने बसवला की मशीनचेच आटे जातात. काही रुपयांच्या स्क्रूपायी मशीनच्या अंगाचे काम निघते.

स्क्रू बसवताना थेंबभर तेल लावावे आणि बेताने आवळावे. शेवटी लोखंडाचा कीस झटकून चिंधीवर दोन टाके घालून पाहावेत. गिऱ्हाइकाच्या कापडावर पडलेला तेलाचा डाग स्क्रूपेक्षा महाग पडतो.