माळवद उतरल्यावर

मराठवाड्यातल्या गावांत माळवदाची घरे अजून दिसतात. छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यातही जाड दगडी भिंती, लाकडी खांब, त्यांवर तुळया, कड्या, फळ्या आणि सर्वांत वर मातीचा जाड थर अशी रचना पाहायला मिळते. आता एकेक माळवद उतरते आणि तेथे स्लॅबचे घर उभे राहते. उतरलेले लाकूड, दगड, जुने पत्रे ‘पुढे उपयोगी पडतील’ म्हणून शेतातल्या वस्तीवर नेले जातात. दोन पावसाळ्यांनंतर पाहावे, तर तुळईला वाळवी लागलेली आणि पत्र्यांवर पांढरी भुकटी! वस्तू ‘टाकणे’ आणि ‘ठेवणे’ यांत फरक आहे. तो समजून घेऊ या.

प्रथम लाकूड. सागाच्या गाभ्यातल्या लाकडात वाळवीला न मानवणारी द्रव्ये असतात. बाहेरच्या फिकट थरात ती जवळजवळ नसतात. म्हणून जुन्या तुळईचा गाभा टिकतो आणि कडा पोखरल्या जातात. लाकूड कुजवणाऱ्या बुरशीला ओल लागते. लाकडातील पाण्याचे प्रमाण सुमारे २० टक्क्यांच्या खाली राहिले, तर तिची वाढ होत नाही. तेव्हा लाकूड जमिनीवर ठेवू नये. खाली दगड मांडावेत, दोन थरांमध्ये पट्ट्या ठेवाव्यात म्हणजे हवा खेळते. पट्ट्या एकावर एक सरळ रेषेत असाव्यात, नाहीतर कड्या वाकतात. वर आडोसा हवा, पण बाजू मोकळ्या हव्यात. दगडांवरून वर चढणारी वाळवीची मातीची नळी चटकन दिसते व मोडता येते. तुळईचे भिंतीत गाडलेले टोक आधी तपासावे. हातोडीने ठोकल्यावर आवाज बद्द आला, तर तेवढा भाग कापून टाकावा.

पत्र्यांचे कोडे वेगळे आहे. उघड्या हवेत पत्र्यावरच्या जस्ताचा कार्बन डायॉक्साइडशी संयोग होऊन संरक्षक थर तयार होतो. एकमेकांना चिकटलेल्या दोन पत्र्यांमध्ये पाणी साचले, की तेथे हवा पोहोचत नाही. थर बनत नाही आणि जस्ताची पांढरी भुकटी होते. उपाय सोपा आहे. पत्रे कोरडे करून, मध्ये फट ठेवून, तिरपे उभे करावेत.

दगड मातीत बसवलेले असल्याने सहज सुटे होतात; सिमेंटमधली वीट काढताना बहुधा फुटते. मात्र दगडांचा सरसकट ढीग करू नये. कोपऱ्याचे घडीव दगड वेगळे आणि भिंतीच्या आरपार पोहोचतील असे लांब दगड वेगळे रचावेत. या लांब दगडांचे मोल आपल्याला फार महागात कळले.

३० सप्टेंबर १९९३ रोजी पहाटे किल्लारीच्या भूकंपात लातूर व उस्मानाबाद (आता धाराशिव) जिल्ह्यांत हजारो माणसे दगावली. तेथल्या अनेक भिंती दुहेरी होत्या: दोन बाजूंना दगड, मध्ये दगडगोटे आणि माती. दोन्ही बाजूंना बांधणारे लांब दगड नसल्याने त्या फाटल्या आणि छत खाली आले. छताचा भार लाकडी खांबांवर असलेल्या काही घरांत मात्र भिंती पडूनही सांगाडा उभा राहिला.

वर्गात एक हिशेब मांडता येईल. एक घनमीटर मातीचे वजन सुमारे १६०० किलो धरू. मातीचा थर ६० सेंटिमीटर असेल, तर एक चौरस मीटर छतावर ९६० किलो भार होतो. खोली ३ मीटर लांब व ३ मीटर रुंद असेल, तर ८६४० किलो! तेवढ्याच खोलीवर पत्रे घातले तर मोजून पाहा. पत्रा चौरस मीटरला साधारण ५ किलो भरतो.

म्हणून खांब, तुळया, दगड जरूर जपावेत, पण माती पुन्हा डोक्यावर घेऊ नये. ती जोत्याच्या भरावाला किंवा गिलाव्याला वापरावी.

शेवटी दोन गोष्टी. ढिगात विंचू-साप आसरा घेतात, म्हणून थेट हात घालू नये. आणि प्रत्येक वस्तूची लांबी, संख्या व ठेवल्याची तारीख वहीत लिहावी. काय आहे हे ठाऊक नसेल, तर गरजेच्या वेळी माणूस नवेच विकत आणतो आणि जपलेले चुलीत जाते.