बारा आऱ्यांचा तुंबा आणि चौथा अक्ष

बैलगाडीच्या चाकात सगळ्यात अवघड काम तुंब्याचे. आरे तासणे, पुठ्ठे जुळवणे, तापवलेली लोखंडी धाव चढवणे, या कामांना ताकद आणि सराव लागतो. तुंब्याला हिशेब लागतो. बाभळीच्या गोल ठोकळ्याच्या पाठीवर बारा खाचा, दोन खाचांमध्ये 30 अंश, आणि प्रत्येक खाच नेमकी केंद्राकडे रोखलेली. एक खाच तिरकी गेली की चाक डुलायला लागते. हौशी सीएनसी मिलिंग मशीनला चौथा, फिरता अक्ष कशासाठी जोडायचा, हे सांगायला मला तुंब्याहून चांगले उदाहरण सापडत नाही.

साध्या मशीनला तीन अक्ष असतात: एक्स डावीकडून उजवीकडे, वाय पुढून मागे, झेड वर-खाली. कटर वरून येतो, म्हणून फक्त वरची बाजू कोरली जाते. ठोकळा चकमध्ये धरून एक्स अक्षाभोवती फिरवला की सगळी पाठ कटरखाली येते. वर्कशॉपात याला ‘फोर्थ अॅक्सिस’ किंवा ‘ए अक्ष’ म्हणतात.

आयटीआयमध्ये मशिनिस्टचा ट्रेड केलेल्याला ही कल्पना नवी नाही. तिथल्या डिव्हायडिंग हेडचा हँडल 40 वेळा फिरवला की जॉब एकदा फिरतो. बारा भाग हवे असतील तर 40 भागिले 12, म्हणजे तीन पूर्ण फेरे आणि वर एक तृतीयांश. 18 भोकांच्या वर्तुळावर मोजून 6 भोके. स्टेपर मोटर हेच काम करते. 200 पावलांची मोटर, ड्रायव्हरवर 16 सूक्ष्म पावले आणि बेल्टची 6 पट घट धरली तर पूर्ण फेऱ्याला 19,200 पावले होतात. बारा भागांना प्रत्येकी 1,600, हिशेब चोख. सात भाग करायचे असतील तर अपूर्णांक उरतो. अशा वेळी प्रत्येक कोन शून्यापासून मोजावा. मागच्या भागात पुढचा मिळवत गेलो की चूक साठत जाते.

माझे ठाम मत असे की सुरुवात अशा भाग पाडण्यापासूनच करावी: जॉब फिरवा, स्क्रूने आवळून अडवा, मग कापा. कटर चालू असताना जॉबही फिरत राहणारे नक्षीकाम बघायला मोहक असते, पण त्यात बेल्टची आणि दात्यांची ढिलाई, म्हणजे बॅकलॅश, लगेच उघडी पडते. 100 मिमी व्यासावर एक अंश म्हणजे 0.87 मिमी. आवळलेल्या जॉबला ही ढिलाई फारशी बाधत नाही.

भाग पाडण्याचा हाच क्रम जुन्या दगडी कामातही दिसतो. मराठवाड्यातल्या चालुक्य-यादवकालीन मंदिरांत खांब खाली चौकोनी, वर अष्टकोनी आणि मग गोल होत जातो. जिंतूर तालुक्यातल्या चारठाण्याला किंवा गंगाखेड तालुक्यात गोदाकाठी धारासूरच्या गुप्तेश्वर मंदिरात गेलात तर या नजरेने दगड बघा. त्या काळातले अनेक गोल खांब फिरवून घडवले असावेत, असे अभ्यासक मानतात. देव्हाऱ्यासाठी सागवानी खांब करताना क्रम तोच राहतो: 90 अंशांनी चार बाजू, 45 अंशांनी आठ, आणि गोलाई शेवटी.

आता जोडणी. छोट्या 3018 जातीच्या मशीनवर झेडची हालचाल जेमतेम 45 मिमी असते. 80 मिमीचा चक बसवला तर त्याचे केंद्र बेडपासून 40 मिमीहून वरच येणार, म्हणजे कटरला जागा उरत नाही. आधी उंची मोजा, खरेदी नंतर. लांब जॉबला दुसऱ्या टोकाला टेलस्टॉक हवाच. चकमध्ये सरळ घासलेली सळई धरून तिच्या माथ्यावर आणि कुशीवर डायल गेज चालवायचा. दोन्हीकडे काटा स्थिर राहिला तर अक्ष एक्सला समांतर आहे. मग वाय बरोबर केंद्रावर आणायचा. तिथे अर्धा मिलिमीटर चुकला तर तुंब्याच्या सगळ्या खाचा एकाच बाजूला सरकतात आणि समोरासमोरच्या दोन खाचांत पूर्ण एक मिलिमीटरचा फरक पडतो. मोटरचा ब्रॅकेट थ्रीडी प्रिंटरवर पीएलएचा करू नका. ते प्लास्टिक 60 अंशांच्या आसपास मऊ पडते, आणि परभणीच्या मे महिन्यात पत्र्याच्या शेडमध्ये गरम झालेली मोटर तिथवर सहज पोचते. अॅल्युमिनियमची पट्टी बरी.

मूळ जीआरबीएल या सॉफ्टवेअरवर चालणाऱ्या कंट्रोलरला तीनच अक्ष कळतात. त्यावर जुनी युक्ती अशी की वाय मोटरची वायर काढून फिरत्या मोटरला लावायची. 50 मिमी व्यासाचा घेर 157.08 मिमी, म्हणून वायच्या सेटिंगमध्ये 19,200 भागिले 157.08, म्हणजे मिलिमीटरला 122.23 पावले भरायची. सपाट नक्षी आपोआप गुंडाळली जाते. व्यास बदलला की आकडा बदलायचा, एवढे ध्यानात ठेवायचे. जीआरबीएल-एचएएल किंवा लिनक्ससीएनसी घेतले तर खरा चौथा अक्ष मिळतो.

परभणीत या अक्षाचे सगळ्यात मोलाचे काम मला पेरणी यंत्रात दिसते. वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठात बैलचलित अवजारांवर वर्षानुवर्षे संशोधन झाले आहे. बियाणे मोजून सोडणारा भाग हा अशा यंत्राचा जीव. चकतीच्या कडेला खाचा करायच्या असतील तर तीन अक्ष पुरतात, चौथ्यावर पैसे घालू नयेत. रुळाच्या पाठीवर खड्डे करायचे असतील तेव्हा मात्र तो लागतो. समजा रूळ 60 सेंमी चालीला एकदा फिरतो आणि सोयाबीनचे दोन दाण्यांतले अंतर 5 सेंमी हवे आहे: बारा खड्डे, 30 अंश, तुंब्याचाच हिशेब. हरभऱ्याला 10 सेंमी ठेवायचे तर सहा खड्डे. 60 मिमी व्यासाच्या नायलॉन रुळावर बारा खड्ड्यांना प्रत्येकी 15.7 मिमी जागा मिळते, सोयाबीनच्या दाण्याला ती पुरते. खड्डा दाण्याहून थोडा मोठा, पण दोन दाणे मावतील एवढा नको.

वीज गेली तर स्टेपर मोटरला आपण कुठे होतो ते आठवत नाही. म्हणून रुळाच्या टोकाला पहिल्याच खड्ड्याच्या रेषेत एक बारीक भोक पाडून ठेवावे आणि वीज आली की त्यावरून शून्य पुन्हा लावावे. रूळ तयार झाल्यावर तो थेट शेतात नेऊ नये. लांब प्लास्टिकच्या पट्टीवर ग्रीस फासायचे, यंत्र तिच्यावरून ओढायचे आणि चिकटलेल्या दाण्यांमधले अंतर टेपने मोजायचे. दाणे जोडीने पडत असतील तर खड्ड्याची खोली अर्ध्या मिलिमीटरने कमी करायची आणि नवा रूळ चकमध्ये चढवायचा.