दिसेनाशी झालेली डिस्क

तेरचे अवशेष, नळदुर्गचा किल्ला, धाराशिवची लेणी यांविषयीची जुनी टिपणे आणि मासिकांची जीर्ण पाने स्कॅन करून जपणे आता घरच्या संगणकावरही शक्य झाले आहे. संग्रह वाढला की तो वेगळ्या डिस्कवर जातो आणि इतर अभ्यासकांना पाहता यावा म्हणून सर्व्हर-सॉफ्टवेअर बसवले जाते. डीस्पेससारख्या सॉफ्टवेअरमध्ये नोंदी डेटाबेसमध्ये असतात, तर प्रत्यक्ष फाइली वेगळ्या फोल्डरमध्ये. त्यामुळे वीज जाऊन आल्यावर कधी कधी चमत्कारिक स्थिती उद्भवते. सूची पूर्ण दिसते, पण पुस्तक उघडत नाही. नोंदवहीत ‘डिस्क सापडत नाही’ अशी तक्रार असते. संगणकासमोर बसून पाहावे तर डिस्क जागेवर आणि पानेही शाबूत!

दोन्ही निरीक्षणे खरी आहेत, कारण पाहणारे दोघे वेगळे आहेत. कोणी लॉगिन करो वा न करो, पडद्याआड चालणाऱ्या सॉफ्टवेअरला विंडोजमध्ये ‘सर्व्हिस’ म्हणतात, युनिक्सच्या परंपरेत ‘डीमन’. हा शब्द 1963च्या सुमारास एमआयटीच्या ‘प्रोजेक्ट मॅक’मध्ये रूढ झाला. भौतिकशास्त्रज्ञ मॅक्सवेल यांनी कल्पिलेल्या, अदृश्यपणे राबणाऱ्या पिशाच्चावरून तो घेतला होता. हा डीमन बहुधा स्वतःच्या वेगळ्या खात्याने काम करतो. आपल्याला दिसते ते त्याला दिसेलच असे नाही.

विंडोजमध्ये नेटवर्कवरच्या डिस्कला आपण ‘झेड’ हे अक्षर देतो. ते अक्षर यंत्राचे नसते. लॉगिन केलेल्या माणसापुरते ठेवलेले ते टोपणनाव असते. विंडोज व्हिस्टापासून तर सर्व्हिसेसचे सत्रही माणसांच्या सत्रांहून वेगळे, शून्य क्रमांकाचे असते. म्हणून सर्व्हिसच्या मांडणीत ‘झेड’ न लिहिता, दोन उलट्या तिरक्या रेघांनी सुरू होणारा पूर्ण नेटवर्क-पत्ता लिहावा आणि सर्व्हिसच्या खात्याला त्या फोल्डरची परवानगी द्यावी. यूएसबीने थेट जोडलेल्या डिस्कचे अक्षर मात्र सर्वांना सारखेच असते. तीच हरवली, तर अक्षर बदलले किंवा डिस्क उशिरा जागी झाली, असा तर्क करावा.

लिनक्समध्ये, डेस्कटॉपवर लॉगिन केल्यानंतर यूएसबी डिस्क सहसा त्या माणसाच्या नावाच्या फोल्डरखाली जोडली जाते. लॉगिन नाही, तर डिस्कही नाही. यावर उपाय म्हणजे ‘एफएसटॅब’ या फाइलीत डिस्कच्या यूयूआयडी या ओळख-क्रमांकाने कायमची जागा नोंदवणे, आणि सिस्टिमडीच्या ‘रिक्वायर्स-माउंट्स-फॉर’ या सूचनेने, ती जागा जोडली गेल्याशिवाय सुरू होऊ नये, असे सर्व्हिसला बजावणे.

ही दुसरी पायरी गाळू नये. डिस्क जोडली गेली नाही तरी तिच्यासाठी केलेला रिकामा फोल्डर उरतोच, आणि सर्व्हिस त्यालाच संग्रह समजू शकते. नवे स्कॅन मग संगणकाच्या आतल्या डिस्कवर जातात. नंतर खरी डिस्क जोडली की ते तिच्याखाली झाकले जातात. त्याहून मोठा धोका बॅकअपचा. मूळ जागी नाही ते प्रतीतूनही पुसणारा बॅकअप अशा वेळी चालला, तर तो रिकाम्या फोल्डरची नक्कल करून जपलेली प्रतच पुसून टाकतो. मूळ हरवलेलेच नव्हते. प्रत मात्र गेली.

म्हणून असा संदेश दिसताच आधी सर्व्हिस आणि बॅकअप थांबवावेत. विंडोजने डिस्क फॉरमॅट करण्याचा सल्ला दिला, तर तो मानू नये. लिनक्सच्या पद्धतीने भरलेली शाबूत डिस्कही विंडोजला अनोळखी वाटते. मग सर्व्हिस कोणत्या खात्याने चालते ते पाहून, त्याच खात्याने एखादी फाइल उघडून पाहावी. आपल्या खात्याने ती उघडली, याने काहीच सिद्ध होत नाही. दुरुस्तीनंतर संगणक बंद करून पुन्हा सुरू करावा, लॉगिन न करता तसाच ठेवावा आणि दुसऱ्या संगणकावरून किंवा मोबाइलवरून एक पुस्तक उघडावे. ते उघडले, तरच दुरुस्ती झाली. खात्याचे नाव, पूर्ण पत्ता आणि यूयूआयडी संग्रहाच्या वहीत लिहून ठेवावेत, म्हणजे आपल्या पश्चात तो सांभाळणाऱ्यालाही पाने सापडतील.