भाजलं? आधी नळाखाली!

मुलांनो, परवा वर्गात विचारलं, "हात भाजला तर काय लावाल?" भराभर उत्तरं आली. टूथपेस्ट, शाई, हळद, तूप, बर्फ! एकच मुलगी हळूच म्हणाली, "बाई, पाणी." तिचंच बरोबर होतं.

का ते ऐका. चटका बसून गेला तरी उष्णता कातडीत राहते आणि आत आत पोळत जाते. नळाचं गार, वाहतं पाणी 20 मिनिटं सोडलं की ही धग निवते. घड्याळ लावून मोजा बरं का! पहिल्या तीन तासांत केव्हाही हे केलं तरी फायदा होतो. बर्फाने मात्र कातडीला आणखी इजा होते. पेस्ट आणि शाई लावली तर जखम किती खोल आहे हे डॉक्टरांना दिसतच नाही. आधी ते सगळं पुसून काढावं लागतं. केवढं दुखत असेल!

पाणी चालू असतानाच अंगठी, बांगड्या काढा. नंतर सूज येते. चिकटलेला कपडा ओढू नका, फोड फोडू नका. पाणी जखमेवरच घाला, बाकी अंग कोरडं, उबदार ठेवा. मग स्वच्छ कापड सैल झाकून दवाखाना गाठा. जास्त भाजलं असेल तर 108 ला फोन करा.

अपघात विभागात डॉक्टर आधी मलम लावत नाहीत. आधी श्वास बघतात. बंद खोलीतल्या धुराने घसा आतून सुजतो. नाकाशी काजळी, घोगरा आवाज ही त्याची खूण. मग मोजमाप. आपला बोटांसकट तळहात म्हणजे आपल्या अंगाचा साधारण 1 टक्का. लहान मुलांचं डोकं अंगाच्या मानाने मोठं, म्हणून लुंड आणि ब्राउडर या डॉक्टरांनी 1944 साली वयाप्रमाणे तक्ता केला. तो आजही वापरतात. भाजलेल्या जागेतून अंगातलं पाणी पाझरून जातं. म्हणून मुलांचं 10 टक्क्यांहून जास्त भाजलं की वजन आणि वेळ यांचा हिशोब करून सलाइन देतात. बघा, इथेही गणित आलंच!

आणखी एक. खूप खोल भाजलं की तिथे दुखत नाही, कारण नसाच जळालेल्या असतात. "दुखत नाही ना, मग राहू दे" असं म्हणू नका.

आता आईबाबांसाठी. लहान मुलं जास्त करून गरम पाणी, चहा, आमटीनेच भाजतात. बादलीत आधी गार पाणी घ्या, मग गरम. पातेल्याचा दांडा आतल्या बाजूला वळवा. कपडे पेटले तर पळायचं नाही; थांबायचं, जमिनीवर पडायचं, लोळायचं.

मुलांनो, आजचा गृहपाठ सोपा आहे. घरी आजीला विचारा, "भाजलं तर काय लावायचं?" उत्तर काहीही येवो, तिला नळ दाखवा!