वितीएवढी डार्करूम

इन्स्टंट फिल्मच्या खोक्यावर ‘४×५’ असं छापलेलं असतं. जुन्या बाजारात मिळालेल्या होल्डरवरही ‘४×५’ असतं. दोन्ही आकडे इंचांतले आणि तंतोतंत सारखे. तरीही खोकं उघडल्यावर फिल्म होल्डरमध्ये जाईलच असं नाही, आणि गेली तरी फोटो उमटेलच असंही नाही. लार्ज फॉरमॅट कॅमेऱ्याच्या नादी लागलेल्या जवळपास प्रत्येकाला हा अनुभव येतो आणि तो कंपन्यांना दोष देऊन मोकळा होतो. खरं कारण मात्र रसायनशास्त्रात आणि प्रकाशशास्त्रात आहे.

लार्ज फॉरमॅट कॅमेरा तसा साधा असतो. पुढे लेन्स, मागे दुधी काच, मधे घडीचा भाता. छायाचित्रकार डोक्यावर काळं कापड घेतो, काचेवर पडलेली उलटी प्रतिमा पाहून फोकस जुळवतो आणि मग काचेच्या जागी फिल्मचा होल्डर आणतो. नेहमीच्या फिल्मसाठी हा होल्डर म्हणजे प्रकाश आत न येऊ देणारी, फिल्म सपाट धरणारी चौकट. फिल्म धुण्याचं काम नंतर डार्करूममध्ये होतं. इन्स्टंट फिल्मच्या होल्डरला मात्र ही दोन्ही कामं करावी लागतात. तो चौकटही असतो आणि डार्करूमही.

रसवंतीचा चरक

एडविन लँड यांनी २१ फेब्रुवारी १९४७ रोजी न्यूयॉर्कमध्ये अमेरिकेच्या ऑप्टिकल सोसायटीसमोर झटपट छायाचित्रणाचं प्रात्यक्षिक दाखवलं. त्यामागचं तत्त्व बेल्जियममधले आंद्रे रॉट आणि जर्मनीतल्या एडिथ वाइडे यांनी दस्तऐवजांच्या नकला काढण्यासाठी आधीच, स्वतंत्रपणे शोधलेलं होतं. निगेटिव्हवरच्या सिल्व्हर हॅलाइडच्या ज्या कणांवर प्रकाश पडतो, त्यांची जागच्या जागी चांदी होते. ज्यांवर पडत नाही ते कण रसायनात विरघळतात, समोर चिकटलेल्या कागदावर जातात आणि तिथे त्यांची चांदी होते. प्रकाश पडला नाही तिथे कागद काळा, पडला तिथे पांढरा. एकाच वेळी निगेटिव्हही तयार आणि फोटोही.

हे घडायला दोन्ही पृष्ठांच्या मधे घट्टसर, अल्कधर्मी रसायनाचा एक थर लागतो. तो केसाहून फार जाड नसतो आणि काठापासून काठापर्यंत सारखा असावा लागतो. हे रसायन फिल्मच्या एका टोकाला छोट्या बंद पुडीत असतं. होल्डरमध्ये पोलादाचे दोन रोलर असतात. फिल्म बाहेर ओढली की आधी पुडी रोलरांत सापडून फुटते आणि मागून येणाऱ्या फिल्मवर रसायन पसरत जातं. रसवंतीच्या चरकात ऊस घालावा तसाच हा प्रकार, फक्त इथे रस बाहेर न पडता आत सारखा लाटला जातो.

म्हणूनच हाताला घाई चालत नाही आणि मधेच थांबणंही चालत नाही. ओढताना अडखळलं तर त्या जागी आडवा पट्टा उमटतो. तिरकं ओढलं तर एक कोपरा कोरडा राहतो. रोलरवर आधीच्या फिल्मचं रसायन वाळून बसलं असेल, तर फोटोवर समान अंतरावर पुन्हा पुन्हा तोच ठिपका येतो. दोन ठिपक्यांतलं अंतर रोलरच्या परिघाएवढं भरतं. असे ठिपके दिसले की फिल्मला बोल लावण्याआधी ओल्या फडक्याने रोलर पुसावेत.

कोणती फिल्म कशात

एवढं कळलं की जोड्या लावणं सोपं होतं. प्रश्न आकाराचा नसून फिल्म रोलरांपर्यंत कशी पोचते याचा आहे.

लँड यांच्या पोलरॉइड कंपनीची ५२, ५५, ५७, ५९ अशा क्रमांकांची फिल्म एकेका पाकिटात येई. त्यांच्यासाठी ५४५ हा होल्डर आणि त्याचे भाऊबंद. पाकिटाच्या आतल्या टोकाला धातूची पट्टी असते, ती होल्डरमध्ये खट्‌कन अडकते. पाकीट बाहेर ओढलं की निगेटिव्ह आत राहते आणि लेन्ससमोर उघडी होते. फोटो घेऊन पाकीट परत आत ढकलायचं, बाजूचा खटका ‘एल’वरून ‘पी’वर न्यायचा आणि सगळं एका दमात ओढून काढायचं. ‘एल’वर असताना रोलर एकमेकांपासून दूर असतात, ‘पी’वर जवळ येतात. खटका विसरला की पुडी फुटत नाही. कोडॅकची रेडीलोड आणि फुजीची क्विकलोड ही साधी फिल्मही अशाच ४×५ पाकिटांत येई, पण त्यांच्या स्वतःच्या होल्डरांना रसायन पसरवणारे रोलर नव्हते. त्यात इन्स्टंट फिल्म घालून काहीच साधत नाही.

दुसरं कुळ पॅकचं. यात अनेक फिल्म एका चपट्या डबीत एकावर एक असतात. आधी छोटी पट्टी ओढली की उघडलेली निगेटिव्ह वळून कागदासमोर येते, मग मोठी पट्टी ओढली की दोन्ही मिळून रोलरांतून जातात. ४×५ पॅकसाठी पोलरॉइडचा ५५० किंवा फुजीचा पीए-४५. सव्वातीन बाय सव्वाचार इंचांच्या छोट्या पॅकसाठी पोलरॉइडचा ४०५ किंवा फुजीचा पीए-१४५. हे छोटे पॅक ४×५ कॅमेऱ्यावर लागतात खरे, पण चित्र साधारण ७३ बाय ९५ मिलिमीटरच मिळतं. तेवढी चौकट दुधी काचेवर पेन्सिलने आखून घ्यावी, नाहीतर काचेवर पाहिलेली कडेची झाडं फोटोत सापडत नाहीत.

८×१० इंचांच्या फिल्मला एवढे मोठे रोलर होल्डरमध्ये बसवणं शक्य नव्हतं. म्हणून तिथे होल्डर वेगळा आणि रोलरांचं यंत्र वेगळं.

मिलिमीटरचा हिशेब

होल्डरचं दुसरं काम तेवढंच नाजूक आहे. दुधी काचेवर फोकस जिथे जुळला, बरोबर त्याच पातळीवर फिल्म यायला हवी. साध्या ४×५ होल्डरसाठी ही खोली ०.१९७ इंच, म्हणजे ५ मिलिमीटर ठरलेली आहे आणि तीत ०.००७ इंचाचा, म्हणजे ०.१८ मिलिमीटरचा फरक चालतो. एफ/५.६ एवढं छिद्र उघडं असेल आणि एक दशांश मिलिमीटरचा धूसर ठिपका डोळ्याला चालत असेल, तर फोकस सहन करू शकणारी एकूण जाडी जेमतेम १.१ मिलिमीटर भरते. एफ/२२ला ती ४.४ मिलिमीटरवर जाते. इन्स्टंट फिल्मवर सराव करताना छिद्र लहान ठेवावं, ते याच गणितामुळे.

२०२० साली लोमोग्राफीने इन्स्टॅक्स वाइड फिल्म ४×५ कॅमेऱ्यावर लावणारा होल्डर आणला. त्याची रचना अशी की फिल्म काचेच्या पातळीहून बरीच मागे बसते. म्हणून फोकस जुळवताना काच तेवढीच मागे नेणारी जाड चौकट सोबत दिली जाते. ती न लावता घेतलेला फोटो धूसर येतो, आणि दोष फिल्मचा नसतो.

इन्स्टॅक्सला आणखी एक सोय आहे. तिच्यावर प्रकाश मागून पडतो आणि चित्र पुढून दिसतं, त्यामुळे डावं-उजवं बरोबर येतं. पोलरॉइडच्या एसएक्स-७० घराण्यातल्या फिल्मवर प्रकाश आणि नजर एकाच बाजूने पडतात, म्हणून त्या कॅमेऱ्यांत आरसा असतो. लार्ज फॉरमॅट कॅमेऱ्यात आरसा नाही. तिथे ही फिल्म लावली तर पाटीवरची अक्षरं उलटी येतात.

डोंगरावर मिळालेलं उत्तर

एवढा खटाटोप कशासाठी, याचं उत्तर टाइप ५५ने दिलं. या पाकिटातून फोटोबरोबर कायम टिकणारी निगेटिव्हही निघत असे. सोडियम सल्फाइटच्या द्रावणात ती स्वच्छ केली की पुढे हवे तेवढे मोठे प्रिंट काढता येत. अ‍ॅन्सेल अ‍ॅडम्स हे १९४०च्या दशकाच्या अखेरीपासून पोलरॉइडचे सल्लागार होते. योसेमिटीतल्या एल कॅपिटन कड्याचं हिवाळ्यातल्या सूर्योदयाचं त्यांचं १९६८चं छायाचित्र याच फिल्मवरचं.

मार्क क्लेट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७७ ते १९७९ दरम्यान तिचा उपयोग शास्त्रासाठी केला. एकोणिसाव्या शतकात टिमथी ओसलिव्हन, विल्यम हेन्री जॅक्सन यांनी अमेरिकेच्या पश्चिमेकडील प्रदेशाचे जे फोटो घेतले होते, ते बरोबर त्याच जागेवरून पुन्हा घ्यायचे होते. क्लेट तिथल्या तिथे इन्स्टंट फोटो काढत, जुन्या फोटोतल्या दोन खुणांमधलं अंतर पट्टीने मोजत आणि नव्याशी ताडून पाहत. प्रमाण जुळलं नाही की तिपाई हलवायची, पुन्हा फोटो. डोंगर शंभर वर्षांत किती बदलला हे सांगण्याआधी कॅमेरा योग्य जागी आहे याची खात्री हवी, आणि ती डोंगर उतरून डार्करूम गाठल्यावर मिळून उपयोग नव्हता.

फेब्रुवारी २००८मध्ये पोलरॉइडने इन्स्टंट फिल्म बंद करण्याचं जाहीर केलं. फुजीने २०१६मध्ये एफपी-१००सी ही पॅक फिल्म थांबवली. तरीही ५४५ होल्डर लोकांच्या कपाटांत शाबूत होते. म्हणून मॅसॅच्युसेट्समधल्या अ‍ॅशलंड गावात काहींनी टाइप ५५सारखी नवी फिल्म हाताने जुळवायला घेतली, तेव्हा त्यांनी होल्डर नव्याने बनवला नाही. जुन्या रोलरांतून जाईल, जुन्या खटक्यात अडकेल अशीच फिल्म बनवली. न्यू५५ नावाची ती फिल्म २०१४मध्ये लोकांच्या वर्गणीवर उभी राहिली आणि २०१७मध्ये थांबली. त्या थोड्या वर्षांत तिने एक गोष्ट सिद्ध केली. रसायनं नव्याने घोटता येतात, पुडीही नव्याने भरता येते. त्या सगळ्याचं माप मात्र होल्डरमध्ये जपलेलं असतं.

जुन्या बाजारात ५४५ हाती लागला तर तो टाकून देऊ नका. खटका दोन्ही बाजूंना नीट वळतो का बघा, रोलर बोटाने फिरवून बघा, पुसून कोरडे ठेवा. पुढची फिल्म कोणी बनवायला घेतली, तर तिचं पहिलं पाकीट अशाच एखाद्या होल्डरमध्ये घालून बघितलं जाईल.