गणिती संचांची जोडणी

हवामानाचा अंदाज वर्तविणारी किंवा धरणाच्या भिंतीवरील ताण मोजणारी संगणक-आज्ञावली सारे गणित स्वतः करीत नाही. समीकरणे सोडविण्याचे काम ती बहुधा तयार गणिती संचांवर सोपविते. ‘ब्लास’ हा असा मूलभूत संच १९७९ साली प्रसिद्ध झाला. ‘लापॅक’ १९९२ साली आला.

आज्ञावली उभारण्यापूर्वी हे संच यंत्रात कोठे आहेत, हे तिला सांगावे लागते. पदार्थविज्ञानातील ‘क्वांटम एस्प्रेसो’ला बाहेरचा संच न सापडल्यास ती सोबतची साधी प्रत वापरू शकते. उत्तर बरोबर येते, पण विलंबाने. सबब जुळवणीचा अहवाल न वाचता पुढे जाणे इष्ट नाही.

खरा धोका निराळाच आहे. काही संच पूर्णांक ३२ बिटांचा मानतात, काही ६४ बिटांचा. आज्ञावली एका मापाने आकडा देते, संच दुसऱ्या मापाने वाचतो, आणि जोडणीच्या वेळी यंत्र ब्रही काढीत नाही. पुढे गणन मध्येच कोसळते, अथवा (हे अधिक वाईट) चुकीचे उत्तर निमूटपणे हाती येते. म्हणून नव्या जोडणीवर, उत्तर आधीच ठाऊक असलेले एखादे लहान उदाहरण प्रथम सोडवून पाहावे. पावसाचा अंदाज त्यानंतर.